साय की शाई

मंगळवारी अप्पा वाचनालयात आले नाहीत. बुधवारी त्यांच्या मुलाचा, बसवराजचा, फोन आला. गुरुवारी दुपारी त्यांना माती दिली.

शुक्रवारी मी वाचनालय उघडलं, वर्तमानपत्रं टेबलावर लावली आणि दक्षिणेकडच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या शहाबादी फरशीवर खुर्चीच्या पायांचे ओरखडे आहेत. ते एका जागी नाहीत. खिडकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानीसारखे वळत गेले आहेत. चार वर्षं अप्पा रोज अकराला येत आणि दीडपर्यंत बसत. खिडकीतला उजेड जसा सरकेल तशी खुर्ची सरकवत. उजेड कायम डाव्या खांद्यावरून हातातल्या फोनवर पडायला हवा, असा त्यांचा नेम होता. फरशीवरच्या त्या खुणा मी तोवर नीट पाहिल्या नव्हत्या.

उमरग्यात त्यांना गुरुलिंगअप्पा या पूर्ण नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांचे ते अप्पाच. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि सदऱ्याच्या खिशात शंकरपाळ्याएवढं एक भिंग. वाचनालयात येऊन ते पुस्तक मागत नसत, वर्तमानपत्र उघडत नसत. फोनचा पडदा धोतराच्या सोग्यानं पुसत आणि जुन्या चांदीच्या नाण्यांचे फोटो बघत बसत. देशभरातले लोक आपापल्या घरातली, बाजारातली, कुठली कुठली नाणी विकायला टाकतात. अप्पा एकेका फोटोवर पाच-पाच मिनिटं थांबत. बाहेर हैदराबादच्या रस्त्यानं ट्रक जात असत आणि त्यांची घरघर एवढ्या लांब येईपर्यंत झोपेतल्या श्वासासारखी व्हायची. त्या आवाजात अप्पांच्या हातातल्या पडद्यावर एकामागून एक रुपये उगवत आणि मावळत. कधी कधी यादीतून मान वर करून मी नुसता तिकडे बघत राहायचो.

पहिल्या दिवशी ते थेट माझ्या टेबलाशी आले होते.

"शरणार्थ सर. जरा विंग्रजीत लिवायचं हाय."

"अर्ज का?"

"अर्ज न्हाय. ह्या मानसाला सांगायचंय." त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर एक रुपया होता, पिवळ्या दिव्याखाली ठेवलेला, मखमलीवर. "लिवा, की बाबा, तुझं नानं खिडकीत ने. दिवा नको. वरून फोटू नको, जरा तिरपं धरून काढ. मग उलटं करून काढ. मग कडंचा काढ."

मी लिहिलं. उत्तर आलं की नाणं एकदम अस्सल आहे, आजोबांच्या पेटीत सापडलं, फोटो पुरेसे आहेत.

अप्पांनी ते माझ्याकडून मराठीत ऐकून घेतलं. "मागल्या म्हयन्यात पन ह्याच्या आजोबाची पेटी घावली हुती. त्याच्या आदीबी एक. लई कामाचा म्हातारा दिसतोय." मग फोन बंद करून म्हणाले, "पिवळ्या दिव्याखाली समदी नानी सज्जन दिसत्यात, सर."

अशी आमची ओळख झाली. मी त्यांचा लेखनिक झालो आणि बदल्यात, मी न मागता, ते मला शिकवू लागले.

त्यांचा जन्म चांदीतच गेला होता. बाजारपेठेत त्यांचं मोडीचं दुकान होतं. मोड म्हणजे मोडकं सोनं-चांदी: तुटलेले तोडे, झिजलेली जोडवी, वाकलेले करदोडे आणि जुने रुपये. लोक आणून देत, अप्पा तोलून घेत, वितळवत आणि चांदीची कांबी सोलापूरला धाडत. इंग्रजी राजाचा कलदार असो की निजामाचा हाली रुपया, मुशीत सगळे सारखेच. "रुपये मुशीत टाकले, की पानी व्हायच्या आदी एक डाव अक्षरं उजळत्यात," ते मला एकदा म्हणाले. "कुनीतरी वाचून दावल्यासारखी. मग काय न्हाय. तवा म्या कधी वाचली न्हाईत." मुलगा सिमेंट-सळईच्या धंद्यात गेला, दुकान बंद झालं, आणि ज्या माणसानं हयातभर नाणी वितळवली तो उतारवयात त्यांचे फोटो बघत बसला. मला सुरुवातीला वाटायचं, हा पश्चात्ताप असावा. तो तेवढा साधा नव्हता.

चांदी बरीच वर्षं कुणी न हाताळता राहिली, की धुरानं, कांद्या-लसणाच्या वासानं तिच्यावर रंग चढतो. आधी ज्वारीच्या धाटासारखा फिकट पिवळा, मग गुळाचा, मग मोराच्या मानेचा, आणि फारच वर्षं गेली तर तव्याच्या बुडाचा. जाणकार लोक या रंगासाठी इंग्रजी शब्द वापरतात. अप्पांना तो शब्द ठाऊक नव्हता. ते त्याला साय म्हणत. "ह्याला साय बरी धरलीय." "ह्याची साय कुनीतरी काढून खाल्ली." आणि रसायनं लावून, ऊब देऊन कुणी तो रंग मुद्दाम चढवला असेल, तर ती शाई. कुठलाही नवा फोटो समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, स्वतःलाच विचारल्यासारखा.

"साय हाय का शाई?"

मग ते मला दाखवत. "नोड्री सर." नोड्री म्हणजे बघा, सीमेपलीकडचं कानडी त्यांच्या बोलण्यात असं मधूनमधून डोकवायचं. "साय कडंपासून आत येती, हळूहळू. पिवळ्याच्या म्होरं तांबूस, तांबसाच्या म्होरं निळं. मदलं घर वगळून ती उडी मारत न्हाय. शाई कुठनंबी सुरू व्हती. आन् हितं बघा, चरा हाय. चरा साईवर पडला तर आत पांढरं दिसनार. चऱ्यातबी त्योच ताजा रंग भरलाय, म्हंजी आदी चरा, मागनं रंग. त्यो लपवायलाच रंग."

झीज कशी बघायची तेही सांगितलं. निजामाच्या रुपयावर चारमिनार असतो. आधी बघायची ती मिनारांची टोकं. टोकं सपाट आणि गुळगुळीत असतील तर हजारो हातांनी ती पुसली. टोकं सपाट पण खरखरीत असतील, तर ती टाकसाळीतच नीट उठली नव्हती, ठसा कच्चा. "जलमापासनं नकटं आन् म्हातारपनी झिजलेलं, ह्यात फरक हाय," ते म्हणत. आणि न हाताळलेलं नाणं हातात तिरपं फिरवलं की त्याच्यावरून उजेडाची एक तिरीप पाणचक्कीसारखी गोल फिरते. फोटोत ती दिसत नाही, म्हणून ते विकणाऱ्याला हलता व्हिडिओ मागायचे. बहुतेक लोक पाठवत नसत.

काही नाणी पारदर्शक डबीत बंद होऊन येतात. वर कुणा तज्ज्ञ संस्थेचा कागद, दर्जा आकड्यांत लिहिलेला. त्यांच्याकडे अप्पा बघतही नसत. "ती पास झालेली पोरं, सर. त्येंचं बरं चाललंय. आपन नापासांत बघू." कागद नसलेलं नाणं फोनवरून घेणं म्हणजे नुसत्या फोटोवर सोयरीक जमवणं, असंही ते म्हणत. "मुलगी बघाया गेलं तर निदान च्या तरी मिळतो."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. अप्पा जवळजवळ कधीच काही विकत घेत नसत. चांगलं, निर्मळ, सुरेख साय धरलेलं नाणं सापडलं, की ते मला फोटो मोठा करायला लावत, भिंग पडद्याला टेकवत, आणि कडेपासून मध्यापर्यंत काहीतरी शोधत जात. मग भिंग खिशात जायचं. "चांगलं हाय. त्ये न्हाय." एवढंच. काय ते, हे मी विचारलं नाही. वाचनालयात बसणाऱ्या माणसाला न विचारण्याची सवय लागते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी मीच एक रुपया मागवला, अप्पांना न सांगता. कलदार होता, राजाच्या चेहऱ्याचा. फोटोत तो चंद्रासारखा दिसला होता. टपालानं आला तेव्हाही तसाच पांढराशुभ्र. मी तो कागदाच्या पुडीतून काढून अप्पांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो कडेला धरला. त्यांनी नाण्याच्या तोंडाला बोट लावल्याचं मी कधीच पाहिलं नाही. खिडकीशी नेऊन एकदा तिरपा केला.

"काय दिसतं तुमाला?"

"नवरीसारखा दिसतो," मी म्हणालो.

"नवरी न्हाय सर. टक्कल हाय." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. राजाच्या गालावर केसांहून बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेनं गेलेल्या. "लिंबू, मग रांगोळी. आन् जुन्या लुगड्याचा बोळा. पुसनारीचा हात उजवा हुता." मी खजील झालो असेन. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नका. म्या लगेच वळखलं, कारन म्याबी एक घासलाय."

त्या दुपारी वाचनालयात आम्ही दोघंच होतो. दिवाळीच्या खरेदीला सगळं गाव बाजारात होतं. अप्पांनी ते आधी कुणाला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

त्यांच्या पत्नीचं नाव गिरिजा. माहेर आळंदकडचं, बोलणं कानडी. लग्नात सासूनं तिच्या ओटीत खण, नारळ आणि एक चारमिनारचा रुपया घातला. तो रुपया बाजारात चालायचा बंद होऊन काही वर्षं झाली होती. ओटीत चालला. तिनं तो नेसलेल्या इरकली लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधला. पुढे लुगडं विरलं, तेव्हा तिनं पदराचा तेवढा कोपरा कापून घेतला, रुपया त्यातच गुंडाळून पत्र्याच्या एका डबीत ठेवला, आणि डबी चुलीच्या वरच्या फळीवर, कांद्या-लसणाच्या परडीशेजारी. आयुष्यभर तिथंच.

"दर दिवाळीला ती देवाची समदी चांदी चिंचंत घालायची," अप्पा म्हणाले. "ताट, निरांजन, समदं पांढरंफेक. त्यो रुपया तेवढा सोडून. म्या दोनदा बघितला असंल. काळा-निळा झाल्ता. म्या म्हनलं, आगं काळा पडलाय, टाक की चिंचंत. तर म्हनली, इर्ली बिडरी."

"म्हणजे?"

"असू द्या, ऱ्हाऊ द्या." ते म्हणाले. "तिचं समदं त्यावरच भागायचं. भांडन झालं, इर्ली बिडरी. पाऊस न्हाय आला, इर्ली बिडरी."

रुपयावर केवळ रंग नव्हता. इतकी वर्षं कापड घट्ट बसून राहिल्यामुळे इरकलीची वीण त्याच्यावर उतरली होती. उभे-आडवे धागे, बारीक चौकडा, घरं मधाच्या रंगाची आणि रेघा निळ्या. चारमिनार जणू लुगड्याआडून दिसावा तसा. अप्पांनी ते पाहिलं होतं, पण मोडीवाल्याच्या डोळ्यांनी. मोडीवाल्याला काळं म्हणजे मळ.

ती श्रावणात गेली. त्या दिवाळीला चांदी कुणी धुवायची, म्हणून अप्पांनीच चिंच भिजवली. ताट धुतलं, निरांजन धुतलं. मग त्यांना डबी आठवली.

"म्या म्हनलं, तिचाच रुपया एकटा काळा कशाला ठिवायचा. तिच्यासाटीच केलं, सर. धा मिनिटं लागली. धुवून काढला तर असा लख्ख. मला बरंबी वाटलं. दुसऱ्या दिशी सकाळी अंगनात उन्हात धरला, आन् तवा मला दिसलं की काय दिसत न्हाय. डबीतला कपड्याचा तुकडा काढला. त्याच्यावर ठिऊन बघितला. फिरवून बघितला. कापडाला समदं म्हाईत, रुपायला काय म्हाईत न्हाय."

मी भिंग टेबलावर ठेवलं.

"जलमभर चांदी जोखली. आन् ती का धूत न्हवती, ते धुतल्यावर कळलं."

त्यांनी रुपया पुन्हा त्याच कापडात, त्याच घड्यांवर गुंडाळला आणि डबीत ठेवला. साय पुन्हा धरते, हे त्यांना ठाऊक होतं. "परत यील. मला येळ न्हाय, एवढंच." पण त्यांची खरी अडचण वेगळी होती आणि तीच त्यांना रोज अकराला खिडकीशी आणत होती. वीण त्यांना आठवत होती, पण दर वर्षी जरा जास्तच सुंदर आठवू लागली होती. रंग गडद होत चालले होते. आपण पाहिली ती खरी, की नंतर मनानं रंगवलेली, हे त्यांना समजेना. तसंच एखादं नाणं, कुणाही बाईच्या लुगड्यातलं, कुठं एकदा दिसलं असतं तर शेजारी ठेवून ताडून पाहता आलं असतं.

"माझ्या डोक्यात हाय ती साय हाय का शाई, एवढं कळाया पायजे," ते म्हणाले.

मग मीही शोधू लागलो. सकाळी वाचनालय उघडण्याआधी, संध्याकाळी बंद केल्यावर. हजारो रुपये बघितले असतील. कुणी पिशवीत ठेवलेले, कुणी पुस्तकात, कुणी मातीत पुरलेले. प्रत्येकाला आपापल्या जागेचा रंग असतो, हे मला तेव्हा कळलं. वीण कुठं नव्हती.

चैत्रात ती दिसली. चारमिनारचा रुपया, त्यावर उभ्या-आडव्या रेघा, निळ्या आणि मधाच्या. विकणारा गुलबर्ग्याकडचा होता. लिहिलं होतं की घरातल्या जुन्या कापडात बांधलेला मिळाला, कागदपत्र काही नाही. अप्पा आले तेव्हा मी काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. ते खुर्चीवर बसले नाहीत. बराच वेळ उभेच राहिले.

"त्येला लिवा," शेवटी म्हणाले. "खिडकीत ने म्हनावं."

फोटो यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत अप्पांनी दुसरं एकही नाणं बघितलं नाही. येऊन बसायचे, उजेडाबरोबर खुर्ची सरकवायचे, हात मोकळे. एकदा मला म्हणाले, "ती गव्हाची कुरडई करायची तवा अशीच चौकडीची चाळनी वापरायची." मग काही वेळानं, "न्हाय, ती चाळनी भावजयीची." मला वाटतं, ते आठवणी उन्हात धरून बघत होते.

फोटो आले. दिवसाच्या उजेडात काढलेले, तिरपे, मोठे. मी आधी पाहिले. आणि मला ते दिसलं, कारण अप्पांनीच मला बघायला शिकवलं होतं. चारमिनारच्या मधल्या कमानीत, अगदी खोल, जिथं चांदी सगळ्यात खाली बसलेली असते, तिथंही रेघा होत्या. अक्षरांच्या बुडाशीही होत्या. सगळीकडे सारख्या, छापल्यासारख्या. ताणून बसलेलं कापड एवढं आत पोचत नाही. ते उंचवट्यांवर टेकतं आणि मध्ये तंबूसारखं अधांतरी राहतं. इथं कुणीतरी ओलं कापड काठीनं खोलवर दाबून रंग चढवला होता.

अप्पांनी फोन घेतला, भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग भिंग टेबलावर ठेवून डोळे मिटले.

"मला आज नीट दिसंना. तुमी सांगा सर. साय का शाई?"

त्यांचे हात मांडीवर होते, तळवे वर. मी ते हात बघितले आणि म्हणालो, "साय आहे, अप्पा."

बाहेर एक लांबलचक ट्रक जात राहिला.

"कमान बघितली?"

"बघितली."

"मग?"

मी टेबलावरचं भिंग उचललं आणि परत ठेवलं.

"सर," ते हळू म्हणाले, "मला शाई लावू नका."

त्यात राग नव्हता. मला माझ्या टेबलाकडे परत जायचं होतं, पण मी तिथंच उभा राहिलो. जराशानं त्यांनी डोळे उघडले. मी डोळ्यांत पाणी शोधत होतो. तिथं दुसरंच काहीतरी होतं. एखाद्याला अर्धवट झोपेत आपलं नाव ऐकू यावं, तसं.

"म्या तुमाला सांगितलं हुतं का, तिच्या रुपायच्या कमानीत वीण न्हवती?"

"नाही. कधीच नाही."

"न्हवती. कमान साधी हुती. गुळाच्या रंगाची, नुसती. रेघा मिनारावर हुत्या, कमानीत न्हवत्या." त्यांनी फोनवरच्या त्या कमानीवर बोट ठेवलं. "हे कापड कमानीत जात न्हाय, हे मला तवा ठावं न्हवतं. म्या मोडीवाला. तरी मला कमान साधी आठवती. रंगवनाऱ्याला त्ये सुचलं न्हाय, सर. म्या मनात रंगवली असती तर म्याबी समदीकडंच रंगवली असती."

मग ते खुर्चीत मागे टेकले. त्या दुपारी खुर्ची त्यांनी उजेडामागे सरकवली नाही. ऊन त्यांच्या खांद्यावरून उतरलं, गुडघ्यांवर आलं, फरशीवर गेलं, आणि ते तसेच बसून राहिले. निघताना म्हणाले, "त्येला लिवा, नानं बघितलं, आमाला नको. जादा काय लिवू नका. त्योबी पोटासाटीच करतोय."

त्यानंतर ते येत राहिले, पण शोधणं थांबलं होतं. नाणी बघत, माझ्याशी बोलत, वाचनालयात येणाऱ्या मास्तरांची चेष्टा करत. जुने रुपये वितळवण्याआधी आपल्याला एकदा दाखवा, असं त्यांनी बाजारातल्या सगळ्या सराफांना सांगून ठेवलं होतं आणि सराफ त्यांना हसत. "हसू द्या," ते म्हणत. "चाळीस वर्सं म्याच त्येंना हे शिकवलंय. आता उलटं शिकवायला तेवढीच लागतील."

गेल्या थंडीत एका सकाळी त्यांनी धोतराच्या कनवटीतून पत्र्याची डबी काढली. झाकणावर मोर होता, पिसारा उडालेला. चांदी धुतल्याला सहा वर्षं झाली होती आणि मधे त्यांनी डबी एकदाही उघडली नव्हती. इरकलीचा तुकडा त्यांनी घडी घडी करून सोडवला. रुपया कडेला धरून उन्हात तिरपा केला आणि माझ्याकडे दिला.

"सांगा."

मी खिडकीशी नेला. पुष्कळ वेळ बघितला. मला घाई नव्हती आणि त्यांनाही नव्हती.

"कडेला पिवळं धरलंय," मी म्हणालो. "डाव्या अंगाला, धाटाच्या रंगाचं, नखभर. वीण नाही दिसत."

"अजाबात न्हाय?"

"अजिबात नाही, अप्पा."

त्यांनी मान हलवली, दोनदा, आणि हसले. "बास. हे खरं सांगितलंत." रुपया कापडात गेला, कापड डबीत. मग ते डबी हातात धरून बसले. "आमच्या सुनबाईच्या सैपाकघरात धूर वढायचं यंत्र हाय. लई गुनाची पोरगी, पन चांदीला तिथं खायाला काय मिळत न्हाय. आन् दिवाळी आली की ती घरातलं समदं उजळून काढती. तिचं चुकत न्हाय. मला सांगाया सुचायचं न्हाय आन् तिला इचारायला." ते माझ्याकडे वळले. "तुमच्याकडं फोडनीला लसूण असतो का, सर?"

"रोज असतो."

"मग म्या गेल्यावर ही तुमी घ्या. कपाटाच्या खनात ठिवू नका. फोडनीच्या फळीवर ठिवा. आन् उकडलेल्या अंड्यात घालून साय आनायचं कुनी सांगंल, त्येचं ऐकू नका. घाई केली की ती शाई व्हती."

"किती वर्षं ठेवू?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "इर्ली बिडरी," म्हणाले.

माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी बसवराज डबी घेऊन वाचनालयात आला. दारात चपला काढून आत आला, जसे त्याचे वडील यायचे. "अप्पा म्हनले होते, हे सरांना द्या, आन् उघडू नका. त्यात काय आहे?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आईच्या ओटीतला रुपया."

त्यानं डबी एकदा हातात घट्ट धरली. हवी असेल तर ठेव, असं मी म्हणालो. तो नाही म्हणाला. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून विचारलं, "हितंच बसायचे का?" मी हो म्हणालो. तो त्या खुर्चीत बसला, थोडा वेळ, आणि गेला.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फळीवरचा हिंगाचा डबा बाजूला सरकवून जागा केली. "दिवाळीला ही खाली काढायची का?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "राहू दे."

मी मागवलेला तो घासलेला कलदार अजून माझ्या टेबलावर असतो. त्याच्या कडेला जरासं पिवळं येऊ लागलं आहे.

अप्पांची डबी आमच्या स्वयंपाकघरात, लसणाच्या परडीशेजारी आहे. मी ती उघडलेली नाही.